विमान झालं, इंजिन राहिलं : 'मारुत'ची गोष्ट

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या धावपट्टीवरून इथेच बांधलेलं पहिलं तेजस मार्क वन ए उडालं आणि नाशिककरांच्या सगळ्या ग्रुपवर दिवसभर एकच व्हिडिओ फिरत होता. आनंद व्हायलाच हवा, मलाही झाला. पण त्या व्हिडिओखाली बऱ्याच ठिकाणी एक ओळ होती, "भारताचं पहिलं स्वदेशी लढाऊ विमान". ही ओळ चुकीची आहे. थोडीथोडकी नाही, चाळीस वर्षांनी चुकीची आहे.

तेजस पहिल्यांदा उडालं ४ जानेवारी २००१ ला. त्याआधी १७ जून १९६१ ला बंगळुरात एक जेट लढाऊ विमान उडालं होतं. आखणी आपल्या कारखान्यात, बांधणी आपल्या कारखान्यात, चालवणारा वैमानिक आपला. नाव एचएफ-२४ मारुत. ते प्रदर्शनापुरतं नव्हतं. हवाई दलाने त्याच्या तीन स्क्वाड्रन उभ्या केल्या, एक युद्ध त्यावर लढलं. तरी आज दहा जणांना विचारलं तर नऊ जण मारुती गाडीबद्दल बोलायला लागतात.

मारुतबद्दल लिहायचं आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या ओझरचं आहे. तेजस उडायच्या तीन आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. मिग आपल्याकडे तयार व्हायचं ते ओझरला. नाशिक जिल्ह्यातल्या किती घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली, किती पोरं आयटीआय करून तिथे लागली, ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण ज्या निर्णयाने ओझरचं नशीब उघडलं, त्याच निर्णयाने मारुतच्या पायाखालची अर्धी जमीन काढून घेतली. या दोन गोष्टी सहसा एकत्र सांगितल्या जात नाहीत.

सुरुवात जरा मागून करू. बंगळुरूचा विमान कारखाना सरकारने काढला असं बहुतेकांना वाटतं. तो काढला वालचंद हिराचंद यांनी, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या साथीने. सोलापूरचा माणूस. साखर, जहाजं, मोटारी आणि विमानं, असा त्यांचा पसारा. युद्धाच्या धामधुमीत कारखाना सरकारकडे गेला, तिथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती व्हायला लागली. दुरुस्ती करता करता हात तयार झाले. पण दुरुस्ती वेगळी आणि आखणी वेगळी. गॅरेज चालवणारा मिस्त्री कितीही पोचलेला असला तरी तो गाडी डिझाइन करत नाही.

ती आखणी सुरू केली डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. कोल्हापूर जिल्ह्यातला हा माणूस जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकला. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे बापच म्हणा. घाटगे तिथून डॉक्टरेट घेऊन परत आले, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विमानविद्येचं शिक्षण उभं करायला मदत केली आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आखणीचं काम हातात घेतलं. त्यांचं एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. दोन माणसांचं, पंख्याचं, साधं. हवाई दलाच्या कित्येक तुकड्या पहिल्यांदा हवेत गेल्या त्या या विमानातून. आज महाराष्ट्रात घाटग्यांच्या नावाने फार काही असल्याचं मला तरी माहीत नाही. असो.

तर पन्नासच्या दशकाच्या मध्यावर आपली ऐपत एवढी होती : एक चांगलं पंख्याचं शिकाऊ विमान आणि आखणी विभागात मोजकी माणसं. आणि त्या अवस्थेत हवाई दलाने मागणी काय नोंदवली? ध्वनीच्या दुप्पट वेगाने, म्हणजे मॅक २ ने जाणारं विमान. ६०,००० फुटांची उंची गाठणारं. पाचशे मैल जाऊन मारा करून परत येणारं. शिवाय त्याच सांगाड्यातून पुढे शिकाऊ रूप, रात्रीचं रूप, नौदलाचं रूप काढता यायला हवं. बालवाडीतल्या पोराला थेट दहावीच्या परीक्षेला बसवण्याचा प्रकार होता. त्या काळी मॅक २ ची मजल जगात बोटावर मोजण्याइतक्या देशांची होती.

म्हणून मग बाहेरचा माणूस आणला. कुर्ट टँक. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचं फॉकवुल्फ १९० हे गाजलेलं लढाऊ विमान आखणारा. स्वतः वैमानिक, आपली विमानं स्वतः उडवून बघणारा. युद्ध हरल्यावर तो अर्जेंटिनाला गेला, कोर्दोबाला पेरॉनसाठी पुल्की-२ नावाचं जेट केलं. १९५५ ला पेरॉनची सत्ता गेली आणि टँकचं कामही गेलं. १९५६ मध्ये तो आपल्या जर्मन सहकाऱ्यांना घेऊन बंगळुरूला आला. एका नाझीकालीन आखणीकाराला नेहरूंच्या भारताने बोलावलं यावर आज भुवया उंचावतील. त्या काळात अमेरिका, रशिया, फ्रान्स, ब्रिटन सगळेच जर्मन तंत्रज्ञ वेचून नेत होते. आपल्या वाट्याला जो आला तो चांगला आला, एवढंच म्हणेन.

कामाची पद्धत मला फार आवडते. सुपरसॉनिक आकार काढला, पण तो हवेत कसा वागेल ते कळायला आपल्याकडे पुरेशा सोयी नव्हत्या. मग त्यांनी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर बनवलं. इंजिन नाही, नुसता आकार. ते डकोटा विमानाला दोरीने बांधून वर न्यायचं, सोडून द्यायचं आणि वैमानिकाने तरंगत खाली आणायचं. १९५९ पासून अशी सत्तरच्या वर उड्डाणं झाली. जेट विमानाचं लाकडी भूत बंगळुरूच्या आकाशात घिरट्या घालतंय, हे चित्र डोळ्यासमोर आणा. ते उडवणारे होते सुरंजन दास. ब्रिटनच्या चाचणी वैमानिकांच्या शाळेत शिकून आलेले. १७ जून १९६१ ला खरं मारुत पहिल्यांदा हवेत नेलं तेही त्यांनीच. आठवड्याभराने संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यासमोर जाहीर प्रात्यक्षिक झालं. टँक भारतात आल्यापासून पाच वर्षांत. शून्यापासून.

विमान दिसायला देखणं होतं. पंख पंचेचाळीस अंशात मागे ओढलेले. मधलं अंग कोकच्या जुन्या बाटलीसारखं कमरेत आवळलेलं. ही नुसती शोभा नव्हे. विमान ध्वनीच्या वेगाजवळ पोचलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि तो कमी ठेवायचा तर पुढून मागपर्यंत विमानाची एकूण जाडी एकसारखी बदलत जावी लागते. जिथे पंख सुरू होतात तिथे पंखांची जाडी वाढते, म्हणून तिथे धड बारीक करायचं. पन्नासच्या दशकात ही अगदी नवी विद्या होती आणि ती बंगळुरात वापरली गेली.

शस्त्रंही कमी नव्हती. नाकात ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा, पोटात आत-बाहेर होणारी ५० रॉकेटांची पेटी, पंखांखाली चार ठिकाणी हजार-हजार पौंडांचे बॉम्ब.

आता मेख. या सगळ्याला ओढणार कोण?

टँकने विमान आखलं ते एका ठराविक इंजिनाभोवती, ब्रिस्टल कंपनीचं ऑर्फियस १२. आफ्टरबर्नर लावून एकेका इंजिनाचा रेटा सुमारे ३,७०० किलो. अशी दोन. आफ्टरबर्नर म्हणजे काय ते नाशिककराला एका वाक्यात सांगता येतं : कसाऱ्याला घाट चढताना गाडीला मागून बँकर इंजिन लावतात, तसा जास्तीचा रेटा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूत पुन्हा इंधन फवारून पेटवायचं. इंधन भसाभसा जातं, पण तेवढा वेळ घाट चढता येतो.

हे इंजिन ब्रिटिश मुख्यतः नाटोच्या हलक्या लढाऊ विमानांच्या आशेने तयार करत होते. ती आशा मावळली, ब्रिटिश सरकारने पैसे थांबवले. कंपनीने भारताला सांगितलं, तुम्हाला हवं असेल तर विकासाचा उरलेला खर्च तुम्ही उचला. भारताने नाही म्हटलं.

संपलं. माझ्या मते मारुतची गोष्ट तिथेच ठरली. नंतरची वीस वर्षं म्हणजे त्या एका नकाराची भरपाई करण्याची धडपड आहे.

मग काय केलं? नॅट विमानासाठी ऑर्फियसचं धाकटं भावंड आपण बंगळुरात परवान्याने बनवत होतोच. त्याचंच ७०३ हे रूप मारुतला बसवलं. आफ्टरबर्नर नाही. एकेकाचा रेटा सुमारे २,२०० किलो. म्हणजे दोन्ही मिळून ४,४०० किलो, जिथे हवा होता ७,४०० किलो. पूर्ण लादलेलं विमान जवळपास ११ टनांचं. बँकरशिवाय घाटात सोडलेली गाडी. मॅक २ साठी आखलेलं विमान सरळ उड्डाणात कसंबसं ध्वनीच्या वेगाशी जाऊन टेकायचं.

वर आणखी तोटा असा की जे विमान मॅक २ साठी आखतात त्याचं वजन, पंख, धड सगळं त्या हिशेबाने होतं. ते हळू चालवलं की त्या आखणीचा फायदा मिळत नाही आणि ओझं मात्र वाहावं लागतं.

दुसरं इंजिन शोधायची खटपट मात्र खूप झाली. आधी रशियाचं मिग-१९ चं इंजिन पाहिलं, जमलं नाही. मग आली इजिप्तची भानगड आणि ती इतकी विलक्षण आहे की थोडं थांबून सांगतो.

नासरच्या इजिप्तलाही स्वतःचं सुपरसॉनिक विमान हवं होतं. त्यांनी आणला विली मेसरश्मिट. म्हणजे महायुद्धात टँकचा देशांतर्गत प्रतिस्पर्धी. एकाचं विमान बंगळुरात, दुसऱ्याचं कैरोजवळ हेलवानला. मेसरश्मिटच्या विमानाचं नाव एचए-३००, आणि त्यासाठी फर्डिनांड ब्रँडनर हा ऑस्ट्रियन तंत्रज्ञ ई-३०० नावाचं इंजिन करत होता. भारताने ठरवलं की विमान आमचं, इंजिन तुमचं, बघू जुळतं का. एक मारुत इजिप्तला पाठवलं, त्याच्या एका बाजूला ऑर्फियस ठेवून दुसऱ्या बाजूला ई-३०० बसवलं आणि १९६७ मध्ये ते तिथे उडवलंही. एचए-३०० चं पहिलं उड्डाण तर १९६४ मध्ये आपल्याच कपिल भार्गव या चाचणी वैमानिकाने केलं होतं. जर्मन आखणी, ऑस्ट्रियन इंजिन, इजिप्तची जमीन, भारतीय वैमानिक! अलिप्ततावादाचं इतकं मूर्त रूप मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. पण जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने इजिप्तचं कंबरडं मोडलं, पैसा आटला आणि १९६९ मध्ये हा सगळा प्रकल्प बंद झाला.

घरच्या घरी ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर लावायचा प्रयत्न बंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने केला. त्याची किंमत फार मोठी मोजावी लागली. १० जानेवारी १९७० ला आफ्टरबर्नरवालं मारुत उड्डाण घेतानाच कोसळलं आणि त्यात ग्रुप कॅप्टन सुरंजन दास गेले. लाकडी ग्लायडरपासून ज्यांनी हे विमान वाढवलं तोच माणूस. बंगळुरात एचएएलजवळचा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. रोज हजारो आयटीवाले तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकतात.

आता ओझरकडे वळू.

१९६१ मध्ये पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ स्टारफायटर मिळालं. मॅक २ चं, खरंखुरं, हातात आलेलं. आपलं मॅक २ कागदावर होतं आणि इंजिन हरवून बसलं होतं. हवाई दलाला आज उत्तर हवं होतं, दहा वर्षांनी नको होतं. रशियाने मिग-२१ देऊ केलं. विमान देतो, ते भारतात बनवायचा परवाना देतो, आणि पैसे रुपयांत चालतील. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला याहून गोड काय असणार? १९६२ मध्ये करार झाला. त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं आणि उरलीसुरली शंकाही संपली. १९६३ मध्ये पहिली मिग आली. ती इथे बनवण्यासाठी एरोनॉटिक्स इंडिया नावाची वेगळी सरकारी कंपनी काढली. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. १ ऑक्टोबर १९६४ ला ही कंपनी आणि बंगळुरूची जुनी कंपनी एकत्र करून आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे आपली एचएएल झाली.

म्हणजे बघा, एकाच छपराखाली दोन पोरं आली. एक घरचं, अशक्त इंजिनाचं. दुसरं दत्तक, धष्टपुष्ट. मिगच्या एकट्या इंजिनाचा आफ्टरबर्नरसह रेटा सहा टनांच्या वर होता आणि विमान मारुतपेक्षा हलकं. ओझरने पुढे शेकडो मिग बनवली, मग मिग-२७, मग सुखोई-३०. मारुतची संख्या थांबली १४७ वर, त्यातली १८ दोन आसनी शिकाऊ.

"परकीय लॉबीने मारुत मारलं" असे फॉरवर्ड अधूनमधून येतात. मला ते पटत नाही. मिग घेण्याचा निर्णय त्या परिस्थितीत बरोबर होता आणि १९७१ ला मिगने तो सार्थ ठरवला. स्टारफायटर पाडली ती मिगनेच. चूक मिग घेण्यात नव्हती. मिग आलंय तर आता मारुतच्या इंजिनाची एवढी काय घाई, ही जी ढिलाई आली, ती चूक. शत्रूची विमानं अडवायचं काम मिगकडे गेलं, मारुतला जमिनीवर मारा करायचं काम मिळालं आणि त्या कामाला ऑर्फियस "चालतंय की" म्हणून चालवून घेतलं गेलं. आपल्या सरकारी कामकाजात "चालतंय की" ने जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या परकीय लॉबीने केलं असेल असं वाटत नाही. कारखान्याची बाजूही पूर्ण स्वच्छ नव्हती. पहिलं उड्डाण १९६१ ला, हवाई दलाला पहिली दोन विमानं समारंभाने दिली मे १९६४ ला, आणि पहिली स्क्वाड्रन, क्रमांक १०, मारुतवर उभी राहिली ती १९६७ ला. १९६५ चं युद्ध मधल्यामध्ये निघून गेलं. उणिवाही होत्या. चारही तोफा एकदम डागल्या की विमानाला ते सोसायचं नाही, म्हणून बहुतेक वेळा दोनच वापरायच्या.

आणि तरीही. १९७१ च्या डिसेंबरमध्ये हे अशक्त इंजिनाचं विमान राजस्थानच्या वाळवंटात उतरलं आणि त्याने ज्यांना नावं ठेवायची होती त्यांची तोंडं बंद केली. क्रमांक १० आणि २२० अशा दोन स्क्वाड्रन, तळ जोधपूर आणि उत्तरलाई. दोन आठवड्यांच्या युद्धात तीनशेहून अधिक मोहिमा. नया छोर भागातले रणगाडे, तोफा, रसद, रेल्वे, हे त्यांचं लक्ष्य. लोंगेवालाचं श्रेय बरेच जण मारुतला देऊन टाकतात, तेवढं नको. तिथे मुख्य काम जैसलमेरच्या हंटर विमानांनी केलं, मारुत जोडीला होती.

जमिनीलगत मारुत दगडासारखं स्थिर उडायचं आणि वैमानिकाला नेम धरायला असं विमान लागतं. दोन इंजिनं असल्याने एक गेलं तरी दुसऱ्यावर घर गाठता यायचं. जमिनीवरून झालेल्या गोळीबारात एक इंजिन गमावून मारुत परत आल्याच्या किमान तीन घटना त्या युद्धातल्या आहेत. हायड्रॉलिक्स फुटलं तर हाताच्या जोरावर विमान चालवता यायचं. ही सगळी टँक आणि त्याच्या बंगळुरूच्या पोरांची आखणी. ७ डिसेंबरला २२० स्क्वाड्रनच्या स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मारुतमधून पाकिस्तानचं सेबर पाडल्याची हवाई दलाची नोंद आहे. हवाई द्वंद्वात मात्र एकही मारुत पडलं नाही. मारुतच्या तीन वैमानिकांना वीरचक्र मिळालं.

म्हणजे कमी रेट्याचं इंजिन घेऊन हे असं. पूर्ण रेट्याचं असतं तर? हा प्रश्न विचारायचा मोह मी आवरतो, कारण जर-तर ला अंत नाही.

त्यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त सलते. टँक १९६७ मध्ये परत गेला. तोवर बंगळुरात दीडेकशे लोकांचा आखणी विभाग तयार झाला होता. त्यांना लाकडी ग्लायडरपासून युद्धापर्यंतचं सगळं चक्र अनुभवाने माहीत झालं होतं. अशी माणसं पैशाने विकत मिळत नाहीत, ती दहा वर्षांत घडतात आणि काम दिलं नाही तर पाच वर्षांत पांगतात. मारुतची पुढची रूपं काढायचे प्रस्ताव आले, टॉर्नेडोचं इंजिन बसवायची कल्पना होती, पण एकही पुढे गेला नाही. घाटग्यांचं किरण हे जेट शिकाऊ विमान झालं, नॅटमधून अजित काढलं. मात्र पूर्णपणे आपल्याकडे आखलेलं नवं लढाऊ विमान हातात घ्यायला १९८३ उजाडलं. तेव्हा तेजसचा प्रकल्प मंजूर झाला. मारुतवर जे तिशीत होते ते तोवर निवृत्तीला आले होते. तेजसला वीस वर्षं का लागली म्हणून आपण जे शिव्या घालतो, त्यातला मोठा हिस्सा खरं तर या मधल्या रिकाम्या वर्षांचा आहे. धडे परत पहिलीपासून गिरवावे लागले.

आणि इंजिन? तेजससाठी कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला. हवा तेवढा रेटा मिळाला नाही, वजन वाढलं, २००८ मध्ये त्याला तेजसपासून वेगळं काढलं. तेजस उडतं ते अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-४०४ वर. मार्क वन ए साठी ९९ इंजिनांचा करार २०२१ ला झाला आणि त्यातलं पहिलं इंजिन आपल्याला मिळालं मार्च २०२५ मध्ये. तोवर सांगाडे तयार होऊन इंजिनाची वाट बघत होते. ही बातमी वाचताना मला १९५९ चं वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटलं. विमान झालं, इंजिन राहिलं.

जेट इंजिन इतकं अवघड का असतं, हा प्रश्न बरेच जण विचारतात. एवढंच सांगतो की त्यातल्या टर्बाइनची पाती ज्या वायूत फिरतात तो वायू त्या पात्यांच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षा जास्त तापलेला असतो. पातं वितळू नये म्हणून त्याच्या आतून बारीक छिद्रांतून हवा खेळवतात आणि अख्खं पातं धातूच्या एकाच स्फटिकाचं ओततात. हे ज्यांना जमतं असे देश जगात पाच-सहाच आहेत आणि त्यातला कुणीही ही विद्या विकत नाही. विकलं तर इंजिन विकतात, पातं कसं ओतायचं ते सांगत नाहीत. त्यासाठी वर्षानुवर्षं इंजिनं चाचणीला लावून फोडावी लागतात. त्या फोडण्याचाही खर्च असतो आणि तोच खर्च आपण १९५९ पासून टाळत आलोय. नवं इंजिन परदेशी कंपनीच्या भागीदारीत करायचं चाललंय, चांगलंच आहे. करारात पात्याच्या विद्येचं कलम कसं लिहिलंय, तेवढं मात्र आपल्या खासदारांनी संसदेत विचारावं. ओझरला कारखाना असलेल्या जिल्ह्याला तो हक्क आहेच.

मारुत ऐंशीच्या दशकात एकेका स्क्वाड्रनमधून निघत गेलं आणि नव्वदपर्यंत पूर्ण थांबलं. पहिलं उडालेलं विमान, बीआर-४६२, बंगळुरूच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात आहे. जर्मनांनीही एक म्युनिकजवळच्या आपल्या विमान संग्रहालयात नेऊन ठेवलंय. तेवढं लांब जायला नको, एक मारुत मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात आहे. पोरांना घेऊन गेलात तर नुसता सेल्फी काढून निघू नका. बाजूने बघा, कंबर आवळलेली दिसेल. मग मागे जा आणि शेपटीखालची ती दोन नळकांडी बघा.